विहिरीमागचे गोंडे

मंजुश्रीने एक दांडा बुडाशी धरून हिसका दिला, तसा कांदा मुळासकट वर आला. तिने माती झटकली, नखाने साल खरवडली आणि कांदा हातात धरून विहिरीच्या कठड्यावर बसली. बसली न बसली तोच उठली. कांदा पांढरा होता.

ती आली होती फुटलेला पाइप बघायला. पाणी कुठे मुरतंय याचा माग काढत विहिरीच्या मागे गेली आणि शेवग्याच्या आडोशाला हे दिसलं. दोन लहानसे वाफे, कमरेएवढे दांडे, आणि प्रत्येक दांड्याच्या टोकाला बारीक पांढऱ्या फुलांचा भरगच्च गोंडा. विहिरीमागची ती जागा सासूची. तिथे केसरबाई मेथी-कोथिंबीर लावायच्या, चार वांगी लावायच्या, आणि घरातलं दुसरं कोणी तिकडे ढुंकूनही बघत नसे. नवरा खामगावला नोकरीला, मंजुश्री सकाळ-संध्याकाळ गटाच्या कामात. सगळ्या शिवारावर नजर ठेवणाऱ्या बाईला आपल्या विहिरीची मागची बाजू ठाऊक नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

फुलावरून कांद्याचा रंग कळत नाही. लाल कांद्याचं फूल पांढरं आणि पांढऱ्याचंही पांढरंच. दांडा उपटून पाहिला नाही, तर कळतं ते पुढच्या वर्षी, ते बी पेरून नवा कांदा हातात आल्यावर. आणि तेव्हा कळून काही उपयोग नसतो. हे मंजुश्रीने गावातल्या बायकांना इतक्यांदा ऐकवलं होतं की गटातली पुष्पाबाई कमरेवर हात ठेवून तिची हुबेहूब नक्कल करून दाखवायची.

उंद्रीहून आत गेलेल्या त्या गावात बायकांचा शेतकरी गट होता. अध्यक्ष सत्यभामाबाई, सचिव मंजुश्री. पूर्वी बियाणे कंपनीचा माणूस एकेकीला गाठायचा. एकीला एक भाव, दुसरीला दुसरा, आणि माल नाकारला तर दाद कुणाकडे मागायची याचा पत्ता नाही. गट झाल्यापासून कंपनीला सगळ्यांशी एकदम बोलावं लागत होतं. भाव लागवडीच्या आधी ठरत होता. फुलोऱ्यात मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने येत होत्या. जन्मभर दुसऱ्याच्या वावरात निंदण करणाऱ्या बायकांनीही अर्धा एकर, पाऊण एकर वाट्याने, बटाईने घेऊन लाल कांद्याचं बी धरलं होतं. कंपनीची अट एकच, पण जालीम होती. शिवारात दुसऱ्या वाणाचा कांदा फुलता कामा नये. माशी या फुलावरून त्या फुलावर जाते, लाल-पांढऱ्याची सरमिसळ होते, आणि मग एका वाफ्यापायी गावाचं सगळं बी मातीमोल.

नियम केला तो मंजुश्रीनेच. जिच्या वावरात दुसरा कांदा फुलेल ती गटाबाहेर. सत्यभामाबाई तेव्हा म्हणाल्या होत्या की दंड ठेवू, एकदम बाहेर काढणं जास्तीचं होईल. मंजुश्री ऐकायला तयार नव्हती. दंड ठेवला की लोक चुका विकत घेतात, असं तिचं म्हणणं, आणि ते सगळ्यांनी हात वर करून मान्य केलं होतं.

कार्तिकात ती घरोघर हिंडली. घरापुरते पांढरे कांदे बियाला लावलेल्या चार-पाच जणी निघाल्या. कुरकुरत का होईना, त्यांनी ते उपटले. अडून बसली ती रुखमाबाई. नवरा जाऊन बराच काळ झालेली, मूलबाळ नसलेली, गुडघ्यांनी अधू. दरवर्षी पांढऱ्या कांद्याचं रोप करून ती अमडापूरच्या बाजारात विकायची. "कांद्याचं बी सालाच्या वर जगत नाई, बाई. यंदा धरलं नाई तं हे बी संपलंच," असं ती परतपरत सांगत राहिली. मंजुश्रीने तिच्यादेखत कांदे उपटून टोपल्यात टाकले आणि चार बायकांसमोर म्हणाली, "गटात राह्यचं का कांद्यात राह्यचं ते ठरवा, मावशी." रुखमाबाई गटात राहिली. तिचा बटाईचा अर्धा एकर आता गावात सगळ्यात चांगला फुलला होता.

आणि आज, नेमकं आजच, फुलोऱ्याच्या तपासणीला कंपनीचे साहेब यायचे होते.

एक माशी आली, मंजुश्रीच्या हाताजवळच्या गोंड्यावर उतरली, घाईघाईने चार फुलं फिरली आणि उडून थेट बांधापलीकडच्या लाल कांद्यावर गेली. लगेच दुसरी आली. मंजुश्रीने ती हाताने हाकलली, तशी ती एक गिरकी घेऊन परत तिथेच बसली.

"आत्या!" मंजुश्री ओरडली. "आत्या, इकडे या आधी!"

केसरबाई पदराला हात पुसत आल्या. सुनेच्या हातातला कांदा पाहिला आणि शेवग्यापाशीच थांबल्या.

"हे काय आहे?"

"कांदे हायेत."

"ते दिसून राह्यलं मले. कोणाचे?"

"माह्ये."

"तुमचे? कवा लावले?"

"लावले कवातरी. माह्या मायेरचं बी हाय ते."

"आत्या, मी गावभर बोंबलत फिरली. रोज तुमच्यापुढं बसून तेच तेच बोलली. एका शब्दानं सांगता आलं नाही तुम्हाले?"

केसरबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत उभ्या राहिल्या. एरवी ही बाई भाजीत मीठ जास्त झालं एवढ्यावरून दिवसभर वाद घालू शकत असे. मंजुश्री भांडणाच्या तयारीने श्वास भरून उभी होती आणि समोरून काहीच येत नव्हतं.

"सायेब येऊन राह्यले दुपारी. काय सांगू त्याहिले?"

"तोडून टाक," केसरबाई म्हणाल्या. "इळा त्या दगडाच्या मांगं हाय."

मंजुश्रीने विळा घेतला आणि भराभर दांडे कापायला सुरुवात केली. कार्तिकात रुखमाबाईच्या दारात आला होता तोच राग तिच्या हातात उतरला होता. फरक इतकाच की तेव्हा तो दुसऱ्याच्या दारात काढता आला होता. केसरबाई वाकून एकेक गोंडा गोळा करत होत्या. जरा हळूच गोळा करत होत्या. एक तर त्यांनी हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि मग टोपलीत आपटण्याऐवजी ठेवला. मंजुश्रीने ते पाहिलं आणि विळा आणखी जोराने चालवला.

कापून झाल्यावर तिने खड्डा केला, गोंडे त्यात लोटले, वर माती ओढली आणि पायाने दाबली. गोंड्यांच्या खालच्या अंगाची काही फुलं सुकलेली तिने पाहिली होती. म्हणजे हे आजकालचं उमललेलं नव्हतं. चांगले बरेच दिवस माश्या इथे जेवून पलीकडे जात होत्या.

घरी येऊन तिने हात धुतले. वास गेला नाही. पुन्हा राखेने धुतले. चहा ठेवला, तो उतू गेला, उरलेला कपात ओतला आणि न पिताच उंबऱ्याबाहेर आली. पायांना जणू कुणी चाक लावलं होतं. आपल्या लाल कांद्याच्या प्लॉटाच्या बांधापर्यंत गेली, तिथून परत आली, साडीला कांद्याचा वास येतोय असं वाटून साडी बदलली, आणि बदलल्यावर तोच वास नव्या साडीलाही यायला लागला.

आता कुणालाच काही कळणार नव्हतं. हे तिच्या मनात येत होतं आणि ती ते झटकत होती, पण ते त्या माशीसारखं परत तिथेच येऊन बसत होतं. खड्डा बुजला होता. साहेब विहिरीमागे जातील असं काहीच नव्हतं. सचिवाच्या वावरात कोण बघतं? साहेबांना सगळं शिवार तीच फिरवून दाखवायची, आणि ती नेईल तिकडे ते जायचे. पण बी लपत नाही. पुढच्या साली कंपनी नमुना पेरून पाहील, लालात पांढरे कांदे निघतील, आणि मग कुणाच्या वावरातून आले हे शोधत न बसता कंपनी गावच सोडून देईल. सत्यभामाबाई, पुष्पाबाई, रुखमाबाई, सगळ्या पुन्हा एकेकट्या. आज सांगितलं तर निदान कुठलं बी बाजूला काढायचं ते तरी साहेबांना कळेल. तिचा प्लॉट विहिरीला लागून होता. बाधा झाली असली तर सगळ्यात आधी त्यालाच.

सांगायचं म्हणजे गट सोडायचा. हा गट तिने उभा केला होता. घरोघर जाऊन, नवऱ्यांची बोलणी खाऊन, बँकेच्या दारात बसून. लग्न होऊन आल्यापासून या गावात तिची ओळख धम्मरत्नची बायको आणि केसरबाईची सून एवढीच होती. गटामुळे लोक तिला नावाने हाक मारायला लागले होते. त्या नावावरून तिला आता स्वतःच काट मारायची होती.

ती विहाराकडे निघाली, तर केसरबाई डोक्यावर पदर घेऊन मागोमाग.

"तुम्ही कुठं?"

"येतो मी बी."

"कशाले? तुम्ही तर म्हणता रिकामटेकड्या बायका तिथं चहा पेतात."

"मंग मी बी पेतो चहा," केसरबाई म्हणाल्या आणि चालत राहिल्या.

गटाची बैठक एक महिना विहाराच्या ओट्यावर आणि एक महिना मारुतीच्या पारावर असे. एवढी गोष्ट ठरायलाच गटाचं पहिलं वर्ष गेलं होतं. आता कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. आज ओट्यावर सतरंजी पसरली होती, बायका जमल्या होत्या, साहेबांसाठी एक प्लॅस्टिकची खुर्ची मधोमध ठेवली होती. गटात सगळ्यात लहान असलेली संजीवनी पाण्याचा जग भरत होती. रुखमाबाई नेहमीप्रमाणे खांबाला टेकून, पाय पसरून बसली होती. केसरबाई वर न येता पायरीवरच टेकल्या.

"ये मंजुश्री," सत्यभामाबाई म्हणाल्या. त्या अंगाने थोराड आणि बोलायला संथ. चिडल्या की आणखी संथ व्हायच्या. "सायबाले कोणत्या बाजूनं न्यायचं? नाल्याकडून नेलं तं बरं दिसन."

"त्याआधी मले एक सांगायचं आहे," मंजुश्री उभ्याउभ्याच म्हणाली. "माह्या वावरात, विहिरीच्या मागं, पांढरे कांदे फुलले होते. आज सकाळी दिसले. मी तोडून पुरले. पण चांगले बरेच दिवस उघडे होते. माश्या बसून राह्यल्या होत्या त्याच्यावर."

पुष्पाबाई हसली. मंजुश्री आता कुणाला तरी रागे भरणार आणि ही त्याची सुरुवात असावी असं तिला वाटलं. मग बाकीच्या कुणी हसल्या नाहीत म्हणून तीही थांबली.

"तुह्या वावरात?" सत्यभामाबाई म्हणाल्या.

"हाव."

"कोणं लावले?"

"आत्यानं."

सगळ्या माना पायरीकडे वळल्या. केसरबाई ताठ बसून समोरच्या रस्त्याकडे बघत होत्या.

"मायेरचं बी व्हतं," त्या म्हणाल्या. "मोडवलं नाई."

"मायेर म्हंजे धामणगाव बढे ना तुमचं?" पुष्पाबाईला राहवलं नाही. "अवं केसरबाई, तिकडं तं मिरच्या होतात. कांदा कवापासून व्हाले लागला?"

दोघी-तिघी पदराआड हसल्या. खांबापाशी हालचाल झाली. रुखमाबाईने एक हात खांबाला लावला होता आणि ती उठू पाहत होती. अर्धी उठली, तोंड उघडलं.

"सत्यभामा, मी—"

"बस खाली, रुखमे!" केसरबाई पायरीवरून कडाडल्या. "गुडघे दुखून राह्यले ना तुह्ये? बस!"

फार लवकर बोलल्या आणि फार मोठ्याने बोलल्या. मंजुश्रीने सासूकडे पाहिलं. सकाळी विहिरीमागे पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या तेव्हाचाच चेहरा होता. मग तिने खांबाकडे पाहिलं. रुखमाबाई धड उभी नाही, धड बसलेली नाही, अशी मध्येच अडकली होती.

मंजुश्रीला मग सगळं कळलं. कार्तिकात टोपल्यात टाकलेले ते कांदे उकिरड्यावर गेलेच नव्हते. या दोघी तरणीताठी असल्यापासून एका पातीला धरून निंदत आलेल्या. एकीच्या भाकरीला दुसरीची चटणी. एकीने टोपलं आणून दिलं असेल, दुसरीने आडोसा शोधला असेल. आणि गावात लपवायला सचिवाच्या वावराइतकी बिनधोक जागा दुसरी कुठली होती? ज्या घरातून तपासणी निघते, त्या घरात तपासायला कोण येणार?

तिच्या कानशिलांतून आग निघाली. दोन म्हाताऱ्यांनी मिळून तिला गावात वेडी ठरवलं होतं. वर सासू तिच्यासमोर तोडून टाक म्हणाली होती, गोंडे गोळा करू लागली होती! बोट दाखवायचा अवकाश होता. एक शब्द, आणि नियम जिथे पडायला हवा तिथे जाऊन पडला असता. सचिवपद राहिलं असतं, गट राहिला असता. तिने रुखमाबाईकडे पुन्हा पाहिलं. हिला बाहेर काढलं तर वावराचा मालक ते उद्याच परत मागेल, कारण त्याने ते गटाच्या नावावर दिलं होतं. कंपनी एकटीचं बी घेणार नाही. मग या गुडघ्यांनी पुन्हा दुसऱ्याच्या वावरात, उकिडवं बसून निंदण.

"पुष्पाकाकू," मंजुश्री म्हणाली. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. "धामणगावले कांदा होते. तुम्ही गेल्या नसाल कधी. माह्या सासूचे कांदे होते, तिच्या मायेरचे, अन् माह्या वावरात होते. मावशी, तुम्ही बसा खाली."

रुखमाबाई बसली. बसली म्हणण्यापेक्षा खांबावरून घसरली.

"आता नियम," मंजुश्री म्हणाली.

"थांब वं," सत्यभामाबाई फार संथ झाल्या होत्या. "नियम नियम काय करतं? तू सोताहून सांगतलं. दंड करू थोडासा अन् सोडून देऊ."

"दंडाचा नियम नाही आपला."

"तो नियम तूच केला व्हता."

"म्हणून तर म्हणून राह्यली. मी रुखमामावशीच्या दारात जाऊन काय बोलली ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलं. तिले एक अन् मले दुसरं, असं झालं का हा गट दोन महिने चालणार नाही. घ्या हात वर."

कुणीच हात वर करेना. गटाची रीत अशी की सगळे हात वर झाल्याशिवाय निर्णय होत नसे. एक जरी हात खाली राहिला तरी बोलणं पुन्हा पहिल्यापासून. ही रीत फार वेळखाऊ होती आणि मंजुश्री तिच्यावर नेहमी वैतागायची. आता तिनेच सगळ्यात आधी हात वर केला. तो बघून संजीवनीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनेही हात उचलला. मग पुष्पाबाईने, खाली बघत. मग एकेकीचे गेले. सत्यभामाबाईंनी एक लांब श्वास सोडला आणि आपला जड हात उचलला.

रुखमाबाईचे दोन्ही हात पदराखाली होते.

"रुखमाबाई?" सत्यभामाबाई म्हणाल्या.

रुखमाबाईने मान हलवली. नाही.

"काऊन? तुले तं सगळ्यात जास्त राग पायजे हिचा."

रुखमाबाईने पुन्हा मान हलवली आणि पदर तोंडाशी नेला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. गावाच्या वेशीकडून गाडीचा आवाज आला. पुष्पाबाईने मान वाकडी केली आणि तिच्या चेहऱ्यावर कुतूहल दिसायला लागलं, जे तिच्या बाबतीत नेहमीच वाईट लक्षण असे.

मंजुश्री सतरंजी ओलांडून गेली आणि खांबापाशी रुखमाबाईसमोर उकिडवी बसली. बाकीच्यांकडे तिची पाठ झाली.

"मावशी, हात वर करा," ती दबक्या आवाजात म्हणाली.

"मले नाई जमत, बाई."

"जमवा. हे लांबलं तर पुष्पाकाकू अजून काहीतरी विचारतील. मग मले खोटं बोलणं पुढं जमायचं नाही. मले सवय नाही त्याची."

रुखमाबाईने वर पाहिलं. मंजुश्रीच्या डोळ्यांत माया-बिया काही नव्हती. ती चांगलीच चिडलेली दिसत होती. त्या चिडीनेच बहुधा काम केलं. पदराखालून एक हात निघाला. चिरा पडलेला, कांद्याच्या मातीने नखं काळी झालेला. तो खांद्यापर्यंत आला, तिथे थांबला आणि मग डोक्याच्या वर गेला.

"झालं," मंजुश्री उठत म्हणाली.

साहेबांची गाडी विहारासमोर थांबली. सगळ्या बायका उभ्या राहिल्या आणि सवयीने मंजुश्रीकडे बघायला लागल्या. तीही सवयीने दोन पावलं पुढे गेली, मग थबकली आणि संजीवनीचं मनगट धरलं.

"तू जा."

"मी? मले नाही बोलता येत साहेबांशी."

"येते. जे झालं ते सगळं खरं सांगजो. विहीर दाखवजो, खड्डा दाखवजो. माह्या प्लॉटाचे गोंडे तोडा म्हणतील, हाव म्हणजो. पण बाकीच्यांच्या प्लॉटाले विहिरीपासून अंतर मोजल्याशिवाय हात लावू देऊ नको. मोजा म्हणावं, आमच्यासमोर मोजा. अन् घाबरली तर सत्यभामाकाकूकडे पाहजो, साहेबाकडे पाहू नको."

त्या गेल्या. साहेब पुढे, संजीवनी त्यांच्या बाजूला, मागे बायकांची रांग. ओट्यावर सतरंजी आणि रिकामी खुर्ची राहिली, आणि पायरीवर केसरबाई.

मंजुश्री ओट्याच्या कडेला उभी राहून बघत होती. इथून विहिरीचा कठडा आणि शेवगा तेवढा दिसायचा. संजीवनीने आधी भलतीकडेच हात दाखवला. मंजुश्रीच्या तोंडून "अवं तिकडं नाही" असं निघून गेलं आणि ती पायरी उतरली. केसरबाईंनी नुसतं वर पाहिलं. ती परत चढली. खुर्चीवर बसली. उठली. सतरंजीचा एक कोपरा दुमडला होता तो सरळ केला, मग दुसरा केला. तिकडे साहेब पावलं टाकत बांधावरून चालले होते, म्हणजे मोजत होते. संजीवनी त्यांच्याबरोबरीने पावलं टाकत होती. तीही मोजत होती.

बऱ्याच वेळाने पुष्पाबाई धापा टाकत एकटीच परत आली.

"तुह्या प्लॉटाचे सगळे गोंडे तोडा म्हणतात," ती म्हणाली. "सत्यभामाच्या बांधालगतच्या दोन वळी. बाकीचं राहू द्या म्हणे, पुन्हा येऊन पाहतो." तिने मंजुश्रीकडे पाहिलं आणि एकदम रडायलाच लागली. "मी काऊन हसली वं मघाशी? मले काय मालूम?"

"तुम्ही हसल्या नाही तर गावाले करमत नाही, काकू. जा, त्याहिच्या चहाचं बघा."

पुष्पाबाई डोळे पुसत गेली. केसरबाई गुडघ्यावर हात देऊन पायरीवरून उठल्या.

"रुखमी तिकडं नाल्यापाशी बसून रडून राह्यली," त्या म्हणाल्या.

"रडू द्या."

"लय रडून राह्यली, मंजे."

मंजुश्रीने सतरंजीची घडी घातली, ती नीट बसली नाही म्हणून पुन्हा उलगडली आणि पुन्हा घातली.

"तिले म्हणा, रडणं झालं का घरी जाय," ती म्हणाली. "उद्या सकाळी माश्यांच्या पेट्यांजवळ पाणी ठेवायची पाळी माह्यी होती. मी आता बाहेरची, मले नाही जमत. तिले सांगजा, ऊन चढायच्या आत जाऊन ठेवजो म्हणा. पसरट टोपल्यात, मध्ये दगड टाकून, नाहीतर बुडून मरतात."

केसरबाईंनी मान डोलावली आणि नाल्याच्या वाटेला लागल्या. मंजुश्री सतरंजी काखेत मारून घराकडे निघाली. विळ्याला धार लावायची होती.